इम्युनोथेरपी चालू असताना दम लागतोय? हृदयाची सूज असू शकते

घरात कुणाला कॅन्सर असला की थकवा, दम लागणे यांची घरच्यांना सवय होऊन जाते. "अब्बांना अशक्तपणा आलाय, होईल बरं," म्हणत आपण दोन-चार दिवस थांबतो. पण रुग्णाची इम्युनोथेरपी चालू असेल तर हे थांबणं जिवावर बेतू शकतं. म्हणून ही माहिती आम्ही देत आहोत.

असे का होते?
आपल्या प्रतिकारशक्तीला नैसर्गिक ब्रेक असतात. कर्करोगाच्या पेशी त्यांचाच फायदा घेऊन बचावतात. निव्होलुमॅब, पेम्ब्रोलिझुमॅब, इपिलिमुमॅब ही औषधे तो ब्रेक सोडवतात. या शोधासाठी जेम्स ॲलिसन आणि तासुकु होंजो यांना २०१८ चे नोबेल मिळाले. मात्र ब्रेक सुटलेली प्रतिकारशक्ती कधी कधी हृदयाच्या स्नायूवरच हल्ला करते. यालाच मायोकार्डायटिस म्हणतात.

धोका किती?
हा त्रास शंभरात साधारण एकाला किंवा त्याहूनही कमी जणांना होतो. पण ज्यांना होतो, त्यांच्यापैकी पाव ते निम्मे रुग्ण दगावल्याच्या नोंदी आहेत. बहुतेक वेळा तो पहिल्या तीन महिन्यांत दिसतो, कधी पहिल्याच डोसनंतर. अशी दोन औषधे एकत्र दिल्यास धोका वाढतो.

लक्षणे कोणती?
दम लागणे, छातीत दुखणे, धडधड, चक्कर येऊन पडणे, पायांवर सूज. सोबत पापणी खाली पडणे, एकाचे दोन दिसणे, गिळायला त्रास होणे, अंग दुखणे हेही दिसू शकते.

काय करावे?
त्याच दिवशी रुग्णालय गाठा आणि "इम्युनोथेरपी चालू आहे" हे आधी सांगा. औषधाचे नाव आणि शेवटच्या डोसची तारीख लिहिलेला कागद जवळ ठेवा. नुसती केमो चालू आहे असे सांगितले, तर डॉक्टरांचे लक्ष दुसरीकडेच जाऊ शकते. ईसीजी, रक्तातील ट्रोपोनिन, इको आणि गरजेप्रमाणे हृदयाचा एमआरआय करतात. नुसता इको नॉर्मल आला म्हणून निर्धास्त होऊ नका.

उपचारात इम्युनोथेरपी थांबवून मोठ्या मात्रेत स्टेरॉइड देतात. ते जितके लवकर सुरू होतील, तितका फायदा जास्त.

एक विनंती: हे वाचून घाबरून औषध आपल्या मनाने बंद करू नका. या औषधांनी अनेकांचे आयुष्य वाढवले आहे. पुढच्या भेटीत डॉक्टरांना एवढंच विचारा, "हृदयाची तपासणी कधी करायची?"