ययातिच्या चुका

ड्रॅगन, तलवारी आणि शापित राजघराणी असलेल्या जाडजूड इंग्रजी कादंबऱ्या मी आवडीने वाचते. त्यातली माणसं धड चांगली नसतात, धड वाईटही नसतात, आणि पुढच्या पानावर काय होईल याचा नेम नसतो. १९९६ साली आलेल्या 'अ गेम ऑफ थ्रोन्स'मध्ये एकेक प्रकरण एकेका पात्राच्या नजरेतून येतं, याचं केवढं कौतुक झालं! पण मंडळी, आमच्या कोल्हापुरात हे १९५९ सालीच झालं होतं.

वि. स. खांडेकर १९३८ साली शिरोड्याची शाळा सोडून कोल्हापुरात आले आणि १९७६ पर्यंत इथलेच होऊन राहिले. 'ययाति' ही त्यांची कोल्हापूरच्या काळातली कादंबरी. १९६० साली तिला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला आणि १९७४ साली खांडेकरांना ज्ञानपीठ, मराठीतलं पहिलं.

मूळ गोष्ट महाभारतातली, आणि अद्भुतात कुठेही कमी नाही. असुर कचाला जाळून त्याची राख मद्यातून शुक्राचार्यांनाच पाजतात. आता शिष्य जगवायचा तर गुरूचं पोट फाडावं लागणार! म्हणून गुरू पोटातल्या शिष्याला संजीवनी शिकवतात. तो बाहेर येतो आणि मेलेल्या गुरूला उठवतो. असली कलाटणी आणखी कुठे मिळणार?

खांडेकरांनी ययाति, देवयानी आणि शर्मिष्ठा यांना आपापली बाजू स्वतःच्या तोंडून मांडू दिली. देवयानी हट्टी, मानी. मैत्रिणीला दासी करणारी. पण ती स्वतः बोलू लागली की कचाने नाकारल्याची जखम दिसते, आणि तिचा राग करणं अवघड होतं. ययाति तर स्वतःच्या दुबळेपणाची कैफियतच मांडतो. समजून घेणं आणि माफ करणं यात फरक आहे, हे ही कादंबरी वाचताना पक्कं कळतं.

सगळ्यात मोठा प्रसंग अर्थातच बाप मुलाकडे तारुण्य मागतो तो. महाभारतात पुरूचं तारुण्य घेऊन ययाति हजार वर्षं सुख भोगतो, मग शहाणा होतो, आणि आज्ञाधारक पुरूला राज्य मिळतं. खांडेकरांनी ती हजार वर्षं काढूनच टाकली. त्यांचा ययाति लवकर भानावर येतो. काहींना हा पश्चात्ताप घाईचा वाटतो. मला तो आवश्यक वाटतो. मुलगा म्हातारा होऊन समोर उभा असताना हजार वर्षं मजा करणाऱ्या बापाची कैफियत कोण ऐकून घेईल?

शाप आणि संजीवनी सोडा, पण ही मागणी काही फक्त पुराणातली नाही. मुलाने आपलं राहिलेलं पुरं करावं, आपला धंदा, आपलं घर सांभाळावं, असं आपण सहज म्हणतो. 'हो' म्हणणाऱ्या पुरूचं कौतुक करतो. त्याचं काय गेलं, ते कोण विचारतं?

घरातल्या थोरामोठ्यांनो, रागावू नका. पण 'ययाति' कपाटात असेल तर एकदा काढून वाचाच.