बेपत्ता माणूस कोणत्या रकान्यात?

यंदा सुट्टीत खडकवासल्याच्या घरी बसून न्यायमूर्ती श्रीकृष्ण आयोगाचा अहवाल पुन्हा वाचला. डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ च्या मुंबई दंगलींचा हा अहवाल १९९८ मध्ये सरकारला सादर झाला.

त्यात मृतांचा आकडा ९०० आहे. ५७५ मुस्लिम, २७५ हिंदू, ४५ अज्ञात, ५ इतर. कारणांची फोड अशी: पोलीस गोळीबार ३५६, भोसकून ३४७, जाळपोळ ९१, जमावाचा हल्ला ८०, खासगी गोळीबार २२, इतर ४. मास्तराच्या सवयीने मी बेरीज करून पाहिली, जुळते.

पण यादीत सर्वांत वर आहे तो पोलिसांचा गोळीबार. दरवर्षीच्या सरकारी आकडेवारीत पोलिसांच्या गोळीने मेलेला माणूस खुनाच्या रकान्यात येत नाही. शिवाय एका फिर्यादीत कितीही कलमे लागली, तरी गुन्हा मोजताना त्यातले सर्वांत गंभीर कलमच धरतात. खुनाबरोबर दुकान जळाले असेल, तर ते जळणे मोजणीत उरत नाही. आयोगाने गुन्हे नव्हे, माणसे मोजली, म्हणून हे चित्र तरी दिसले.

आणि बेपत्ता? ते १६८ होते. मय्यत नाही, दफन नाही, नमाज-ए-जनाजा नाही. घरातल्या बाईने इद्दत कधी धरायची? जुन्या हनफी मतानुसार तिला जवळजवळ आयुष्यभर थांबावे लागे. मालिकी मताचा आधार घेत १९३९ च्या मुस्लिम विवाह विच्छेद कायद्याने ही मुदत चार वर्षांवर आणली. पुराव्याच्या कायद्यात माणूस मृत मानायला सात वर्षे लागतात. म्हणजे एकाच घरात एकाच माणसाची दोन घड्याळे.

४ नोव्हेंबर २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला, तेव्हा बेपत्तांपैकी ६० जणांच्याच वारसांना दोन लाखांची भरपाई मिळाली होती. उरलेल्या १०८ कुटुंबांचा पत्ता लागत नव्हता. म्हणजे आधी माणूस बेपत्ता, मग त्याचे घरही. न्यायालयाने त्यांना शोधून सव्याज रक्कम द्यायला सांगितले आणि देखरेखीला समिती नेमली. शोध सुरू करायला कागदावर होता तो तीस वर्षांपूर्वीचा पत्ता, तोही बऱ्याचदा अर्धवट.