थेट बिंदुमाहितीची नकाशाचिन्हे

भूकंप, हवेचे प्रदूषण, धावत्या बसगाड्या, विमाने, नद्यांची पातळी अशा सतत बदलणाऱ्या नोंदी वेब नकाशावर बिंदुरूपाने दाखवताना प्रत्येक बिंदूचा आकार, रंग, दिशा व पारदर्शकता ठरवण्याची पद्धत. छापील नकाशात चिन्ह एकदा काढले की काम संपते. इथे नकाशाकार चिन्हामागचा नियम लिहितो, कारण पुढच्या मिनिटाला कोणती नोंद येणार हे त्याला ठाऊक नसते.

गूगल मॅप्स २००५ मध्ये आले आणि त्याची थेंबाच्या आकाराची लाल टाचणी सर्वत्र रूढ झाली. पत्ता दाखवायला ती उत्तम आहे, कारण टोक नेमक्या जागी टेकते आणि आजूबाजूचे रस्ते दिसत राहतात. थेट माहितीसाठी मात्र ती जवळपास निरुपयोगी ठरते. शंभर टाचण्यांमधली मोठी घटना कोणती, ताजी कोणती, हे तिच्यावरून कळत नाही. टाचणीऐवजी स्वतःचे चित्र वापरले, तर त्याचा कोणता बिंदू जमिनीवर टेकतो हेही सांगावे लागते. ते राहिले, तर नकाशा लहान करताच चिन्ह कित्येक किलोमीटर सरकल्यासारखे दिसते.

अमेरिकेच्या भूशास्त्रीय सर्वेक्षण संस्थेची भूकंपसूची हे या विषयाचे चांगले उदाहरण. गेला तास, दिवस, ७ दिवस आणि ३० दिवस अशा कालखंडांच्या याद्या ती जिओजेसन या स्थानमाहितीच्या फाइल-स्वरूपात विनामूल्य देते व दर मिनिटाला ताज्या करते. प्रत्येक नोंदीत रेखांश, अक्षांश, खोली, प्रत (मॅग्निट्यूड) आणि वेळ असते. या स्वरूपात रेखांश आधी येतो. क्रम उलटला तर पुणे थेट नॉर्वेच्या उत्तरेकडील समुद्रात जाऊन पडते. नवशिक्यांचे नकाशे अनेकदा याच कारणाने पहिल्यांदा रिकामे दिसतात.

संस्थेच्या स्वतःच्या नकाशावर वर्तुळाचा आकार भूकंपाची प्रत सांगतो, तर रंग त्याचे वय: तासाभरातला भूकंप लाल, दिवसाभरातला नारिंगी, आठवड्यातला पिवळा. रंग खोलीसाठीही वापरता आला असता. पण थेट नकाशा उघडणाऱ्याचा पहिला प्रश्न ‘आत्ता काय झाले?’ हाच असतो, म्हणून ही निवड योग्य म्हणावी लागेल.

आकाराचा हिशेब अधिक अवघड. प्रत एकाने वाढली की बाहेर पडणारी ऊर्जा सुमारे ३२ पट होते. क्षेत्रफळ ऊर्जेच्या प्रमाणात ठेवायचे म्हटले, तर ८ प्रतीच्या भूकंपाची त्रिज्या ४ प्रतीच्या हजारपट होईल आणि सगळा पडदा झाकला जाईल. म्हणून तडजोड करतात. गूगलने विकासकांसाठी दिलेल्या उदाहरणात दर प्रतीला त्रिज्या दुप्पट होते आणि भरणीचा रंग बराच पारदर्शक ठेवलेला असतो. त्यामुळे एकावर एक आलेली वर्तुळे मोजता येतात.

चिन्हाचा असा नियम लीफलेट या नकाशे बनवण्याच्या मुक्त आज्ञासंग्रहात (लायब्ररीत) प्रत्येक बिंदूसाठी चालणाऱ्या छोट्या फंक्शनमध्ये लिहितात. मॅपबॉक्स आणि त्याच्यातून फुटलेल्या मॅपलिब्रेत तो शैलीचाच भाग असतो व ग्राफिक्स चिप तो हजारो बिंदूंना एकदम लावते. गूगल अर्थच्या केएमएल या फाइल-स्वरूपात चिन्हशैली व ठरावीक अंतराने यादी पुन्हा मागवण्याची सोय दोन्ही आहेत. ते २००८ मध्ये आंतरराष्ट्रीय मानक झाले. बस किंवा विमानासाठी बाणाचे चिन्ह घेऊन ते प्रवासाच्या दिशेने फिरवतात.

रंगांचे अर्थ मात्र देशागणिक बदलतात. हवेच्या गुणवत्तेचा १८० हा निर्देशांक भारतीय पट्टीवर ‘मध्यम’, म्हणजे पिवळा. अमेरिकी पट्टीवर तोच आकडा आरोग्याला अपायकारक, म्हणजे लाल. मुंबई किंवा पुण्याची केंद्रे दाखवणाऱ्या परदेशी संकेतस्थळावर कोणती पट्टी वापरली आहे, हे चिन्हसूचीत पाहिल्याशिवाय तुलना करू नये. लाल-हिरवा फरक न ओळखणाऱ्या वाचकांसाठी रंगासोबत आकडाही लिहिणे बरे.

सर्वांत दुर्लक्षित बाब म्हणजे शिळी नोंद. केंद्र बंद पडले तरी त्याचा शेवटचा हिरवा ठिपका तसाच झळकत राहतो. ठरावीक वेळेनंतर चिन्ह राखाडी किंवा पोकळ करणारा नियम नसलेला नकाशा थेट म्हणवण्यास पात्र नाही.

रिकाम्या जागेचाही असाच चुकीचा अर्थ लागू शकतो. अमेरिकेबाहेरचे लहान भूकंप वर सांगितलेल्या सूचीत सहसा येत नाहीत, त्यामुळे कोयना परिसरातले बरेचसे धक्के त्या नकाशावर उमटत नाहीत. ते पाहायचे असतील तर भारताच्या राष्ट्रीय भूकंपविज्ञान केंद्राची सूची पाहावी.