नागाचे देहरे

शिमल्याहून बावीस-तेवीस किलोमीटरांवर, सुमारे २२०० मीटर उंचीवर नालदेहरा आहे. मी गेलो होतो देवदार पाहायला. पाहत बसलो मात्र गोल्फचे मैदान. मैदान कसले, डोंगरउतारावरचे कुरणच ते! खेळाडू काठी उगारतो आणि चेंडू देवदारांआड नाहीसा होतो. हवा विरळ, म्हणून तो अंमळ लांबच जातो.

व्हाइसरॉय लॉर्ड कर्झनला (१८९९–१९०५) शिमल्याच्या लाटवाड्यापेक्षा इथले तंबू प्रिय. पाठीच्या जुन्या दुखण्यामुळे पोलादी पट्ट्यांत जखडलेला हा गृहस्थ देवदारांखाली बसून साम्राज्याचे कागद हातावेगळे करी. गोल्फचे मैदानही त्याच्याच हौसेचे, असे सांगतात. १९०४ साली तिसरी मुलगी झाली, तेव्हा तिचे नाव ठेवले अलेक्झांड्रा नालदेरा!

खरी गंमत पुढेच आहे. मैदानातच महुनागाचे देऊळ आहे. नागाचे देहरे ते नालदेहरा, अशी व्युत्पत्ती तिकडचे लोक सांगतात. देहरा म्हणजे आपल्या देव्हाऱ्याचाच भाऊबंद. म्हणजे पुढल्याच वर्षी, १९०५ साली, वंगभंग करून देश पेटविणाऱ्या लाटसाहेबाने पोटच्या पोरीला एका पहाडी नागाच्या देवळाचे नाव दिले होते! त्याला हे कोणी सांगितले असेल काय?

मी देवळापाशी वहाणा काढीत होतो, तोच झाडीतून एक पोऱ्या चेंडू शोधीत आला. त्याने आधी नागाला हात जोडले, मग गवत चाळू लागला.