साइडकार
साइडकार : मोटारसायकलच्या एका बाजूस जोडलेली, एकचाकी बैठक. विसाव्या शतकाच्या आरंभी ती ब्रिटनमध्ये रूढ झाली. मोटार न परवडणाऱ्या कुटुंबाची ती सोय होती. 1959 मध्ये ‘मिनी’सारखी स्वस्त मोटार आल्यावर हा ग्राहक ओसरला (पहा : मोटारगाडी).

तरीही साइडकार टिकली, तेव्हा काटकसर हे तिचे एकमेव कारण नव्हे. तिसऱ्या चाकामुळे थांबताना पाय टेकावा लागत नाही आणि बर्फावर गाडी सहसा आडवी होत नाही; म्हणून पायाने अधू असलेले चालक आणि हिवाळ्यातही मोटारसायकल न सोडणारे तिच्याकडे वळतात. रशियन ‘उराल’च्या काही गाड्यांत तर साइडकारच्या चाकालाही इंजिनाची शक्ती मिळते. साइडकार धोक्याची असते, हा आक्षेप अर्धाच खरा. साइडकार जोडलेली मोटारसायकल वळणावर झुकत नाही. साइडकार डावीकडे असल्यास वेग वाढवताना गाडी डावीकडे, ब्रेक लावताना उजवीकडे ओढते आणि डाव्या वळणावर रिकाम्या साइडकारचे चाक उचलले जाऊ शकते. दुचाकीची सवय इथे उपयोगाची नाही, किंबहुना आडच येते. पण वेगळ्या सरावाने हे दोष आटोक्यात राहतात. अपघातात मोटारीइतके संरक्षण मात्र मिळत नाही (पहा : मोटारसायकल). भारतीय प्रेक्षकांस साइडकार ‘शोले’ (1975) या चित्रपटामुळे परिचित आहे.