तिकिटावर जात लिहिलेली नव्हती

आपल्या विहाराच्या वर्धापन दिनाच्या स्मरणिकेसाठी काहीतरी लिहा असे कमिटीच्या कार्यकर्त्यांनी सांगितले, तेव्हा माझ्यापुढे प्रश्न पडला. मी गिरणीत साच्यावर आयुष्य घालवलेला माणूस. शाळा सातवीपर्यंत, पुढचे शिक्षण रात्रशाळेत आणि रद्दीच्या दुकानात. त्याच रद्दीत काही वर्षांपूर्वी मला १८९० सालचा हिंदुस्थानचा रेल्वे कायदा मिळाला, पुठ्ठा गेलेला आणि वाळवीने कडा खाल्लेला. वजनावर घेतला. डिक्शनरी शेजारी ठेवून कलम कलम लावीत बसलो. इंग्रजाने आपल्या बापजाद्यांना आगगाडीत कोणत्या नियमांनी बसवले आणि त्यांचे बोचके कोणत्या नियमांनी वाहून नेले, ते त्यात आहे. म्हटलं, याच्यावरच लिहू.

पहिली प्रवासी गाडी १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्याला गेली, हे शाळेतले पोरही सांगेल. १४ डबे, ३ इंजिने, ४०० पाहुणे. पण भाडे किती होते ते कुणी सांगत नाही. ठाणे २१ मैल. पहिल्या वर्गाला मैलाला दोन आणे, म्हणजे २ रुपये १० आणे. तिसऱ्या वर्गाला मैलाला तीन पै, म्हणजे ५ आणे ३ पै. हिशेब करून बघा, बरोबर आठपट. गाडी एकच, इंजिन एकच, पोचायची वेळही एकच. फरक बसण्याचा. आणि कंपन्यांच्या पदराला खार लागू नये म्हणून त्यांच्या भांडवलावर ५ टक्के व्याजाची हमी सरकारने घेतली होती. कंपनीला तोटा आला तर ती हमी भरायची आपल्या शेतसाऱ्यातून. म्हणजे जो गाडीत कधी बसला नाही त्यानेसुद्धा भाडे भरलेच की.

रेल्वेचा पहिला कायदा १८५४ चा, मग १८७९ चा, आणि त्यानंतर हा १८९० चा ९ वा कायदा. हा फार चिवट निघाला. स्वातंत्र्य आले, राज्यघटना आली, तरी तो चालूच राहिला. १९८९ चा नवा कायदा १९९० साली अमलात आला तेव्हा कुठे तो सुटला. म्हणजे इंग्रजाच्या त्या नियमांवर आपण पूर्ण शंभर वर्षे प्रवास केला.

आता त्यातली कलमे बघा. तिकिटावर काय छापायचे ते ६६ व्या कलमात आहे. वर्ग कोणता, कुठून कुठे, भाडे किती. झालं, एवढेच. जात नाही, धर्म नाही, गाव कोणते, बाप कोण, काही नाही. गावात पाऊल टाकताना ज्याला आधी ‘कोण रे तू’ याचे उत्तर द्यावे लागे, त्याला खिडकीवर फक्त कुठे जायचे तेवढेच विचारले जाई. ही गोष्ट आज लहान वाटेल, तेव्हा लहान नव्हती. त्याच कलमात आणखी एक मेख आहे. सर्वात खालच्या वर्गाचे तिकीट असेल तर मजकूर देशी भाषेत छापायचा आणि वरच्या वर्गाचे असेल तर इंग्रजीत. वेळापत्रक आणि भाड्याचा तक्ता स्टेशनात इंग्रजीत आणि देशी भाषेत लावायचा, असेही कलम आहे. आणि ४७ व्या कलमात तर असे की नियमांची प्रत प्रत्येक स्टेशनात ठेवावी आणि ती कुणालाही, कुणालाही हां, फुकट बघू द्यावी. माझे आजोबा जन्मभर त्या स्टेशनांतून गेले-आले. त्यांना कुणी ते पुस्तक दाखवले नाही, त्यांनी मागितलेही नाही. मागितले असते तरी वाचणार कोण?

गर्दीचे नियम तर वाचून हसू येते. एका डब्यात किती माणसे बसतील तो आकडा डब्यावर लिहिलाच पाहिजे, ६३ वे कलम. भरलेल्या डब्यात रेल्वेच्या नोकराने जबरदस्तीने माणूस कोंबला तर त्याला २० रुपयांपर्यंत दंड. तिकीट काढले आणि गाडीत जागाच मिळाली नाही, तर गाडी सुटल्यापासून ३ तासांच्या आत तिकीट परत करावे, पैसे जागच्या जागी परत. कागदावर किती छान! आणि लबाडीने विनातिकीट बसला त्याला मात्र १०० रुपयांपर्यंत दंड आणि वर भाडे. कोंबणाऱ्याला २०, चुकवणाऱ्याला १००. प्रत्यक्षात जत्रेच्या दिवसांत माणसे मालाच्या वाघिणीत भरून नेत. गांधीजींनी १९१७ साली तिसऱ्या वर्गाच्या हालांवर लिहिले. त्यांच्याशी आपले मतभेद जगजाहीर आहेत, पण हे त्यांनी स्वतः बसून, सोसून लिहिले, ते मान्य केले पाहिजे. मुंबई ते मद्रास १३ रुपये ९ आणे भरून ते गेले. डबा २२ माणसांचा आणि आत त्याहून कितीतरी जास्त.

बायकांसाठी ६४ वे कलम. प्रत्येक प्रवासी गाडीत खालच्या वर्गाचा निदान एक कप्पा फक्त बायकांचा असला पाहिजे, आणि गाडी ५० मैलांपेक्षा लांब जाणारी असेल तर त्यात संडास पाहिजे. चांगलेच कलम. पण तिसऱ्या वर्गातल्या पुरुषाच्या संडासाचे काय, त्यावर कायदा गप्प. गाडी स्टेशनात थांबली की लोक उतरून पळत, आणि शिट्टी झाली की तसेच पळत येत.

साथीच्या रोग्याला स्टेशन मास्तरच्या परवानगीशिवाय गाडीत चढता येत नसे, हे ७१ वे कलम. मुंबईत १८९६ साली प्लेग आला आणि १८९७ साली साथीचा कायदा झाला. त्यात आगगाडीने जाणाऱ्या माणसांची तपासणी करायचा आणि संशय आला तर त्यांना वेगळे ठेवायचा अधिकार सरकारने घेतला. गिरणगावातले लोक गावाकडे पळत होते तेव्हाची ही गोष्ट. चाळीतली जुनी माणसे बोटीच्या धक्क्यावरच्या आणि स्टेशनातल्या तपासणीच्या ऐकीव हकिगती सांगत.

आता मालाकडे येतो, कारण माझ्या घरची गोष्ट तिथली आहे. जनावराला काही झाले तर रेल्वे किती भरून देणार त्याचा आकडा कायद्यातच ठरवलेला. हत्ती किंवा घोडा ५०० रुपये. उंट किंवा शिंगांचे जनावर ५० रुपये. गाढव, मेंढी, शेळी, कुत्रा १० रुपये. जास्त किंमत पाहिजे असेल तर बुकिंगच्या वेळी सांगा आणि वेगळा आकार भरा. घोडा साहेबाचा आणि बैल कुणब्याचा, हे आकडेच बोलतात. सोने, चांदी, मोती असला १०० रुपयांवरचा ऐवजसुद्धा आधी सांगून आकार भरला तरच रेल्वे जबाबदार. जवळचे गाठोडे बुक करून पावती घेतली नसेल तर ते हरवल्याची जबाबदारी रेल्वेवर नाही. आणि नुकसानीचा दावा सहा महिन्यांच्या आत, तोही लेखी.

यात सगळ्यात वाईट प्रकार ‘रिस्क नोट’चा. माल दोन तऱ्हांनी जाई, रेल्वेच्या जोखमीवर किंवा मालकाच्या जोखमीवर. दुसऱ्याचा दर कमी. पण त्यासाठी कागदावर सही द्यावी लागे की नुकसान झाले तर माझे मी बघीन. ७२ व्या कलमाप्रमाणे असा करार लेखी पाहिजे, सही पाहिजे, आणि सरकारने मंजूर केलेल्या नमुन्यात पाहिजे. माझे आजोबा स्वातंत्र्याच्या आधी गावाहून मुंबईला गिरणीत आले. एका खेपेला त्यांनी भुईमुगाच्या शेंगांचे एक पोते मालधक्क्यावर टाकले. चाळीत विकून आजीच्या औषधाचे पैसे करायचे होते. बाबूने कागद पुढे केला, त्यांनी अंगठा उठवला. मुंबईला बिल्टी दाखवून पोते सोडवायला गेले तर पोते फाटलेले, शेंगा अर्ध्या. तक्रार केली. तिथल्या कारकुनाने कागद काढला आणि म्हणाला, हा अंगठा तुझाच ना? मग झालं तर. आजोबा ही गोष्ट मरेपर्यंत सांगत आणि दर वेळी अंगठ्याकडे बघत. मी कायदा लावला तेव्हा आधी वाटले, आता त्या बाबूची लबाडी सापडेल. सापडली नाही. लेखी होते, निशाणी होती, नमुना मंजूर होता. सगळे कायदेशीर. ही पद्धत बदलून रेल्वेवर वाहतूकदाराची पुरी जबाबदारी १९६१ च्या दुरुस्तीने टाकली. आजोबांना त्याचा काय उपयोग?

मोठ्या व्यापाराचेही तसेच. कुणाला गैरवाजवी सवलत द्यायची नाही असे ४२ वे कलम म्हणते. तरी बंदराकडे जाणारा कच्चा माल आणि बंदरातून आत येणारा परदेशी माल यांना दर सवलतीचे, आणि देशातल्या देशात जाणाऱ्या मालाला चढे, अशी तक्रार १९१६-१८ च्या औद्योगिक कमिशनपुढे झाली होती. आम्ही ज्या कापसाच्या गाठी फोडत होतो त्या वऱ्हाड-खानदेशातून याच रुळांवरून आल्या, एवढे मला कळते.

आता तिकिटावर जात नव्हती, या मुद्द्यावर परत येतो. रेल्वेने जात मोडली असे आपल्यातले शिकलेले लोकही भाषणात सांगतात. अर्धे खरे आहे. डब्यात मांडीला मांडी लागली हे खरे. पण त्याच स्टेशनात ‘हिंदू पाणी’ आणि ‘मुसलमान पाणी’ वेगळे होते. मग आमच्या माणसाने कोणत्या घड्यापुढे ओंजळ धरायची?

बाबासाहेबांची १९०१ सालची हकीगत पुष्कळांना ठाऊक आहे. नऊ वर्षांचे भीमराव, त्यांचा भाऊ आणि बहिणीचा मुलगा सुट्टीत वडिलांकडे गोरेगावला निघाले. आगगाडी आयुष्यात पहिल्यांदा बघितलेली, अंगावर नवे कपडे. मसूर स्टेशनात उतरेपर्यंत सगळे आनंदात. स्टेशन मास्तरने चौकशी केली, पोरे नीटनेटकी होती म्हणून त्याला ती ब्राह्मणांची वाटली. महार आहोत म्हटल्यावर त्याचा चेहरा पालटला आणि तो निघून गेला. बैलगाडीवाला कुणी तयार होईना. शेवटी दुप्पट भाडे देऊन पोरांनीच गाडी हाकायची आणि गाडीवाल्याने बाजूने चालायचे, असे ठरले. रात्रीचा प्रवास, बरोबर जेवण होते पण पाणी मिळाले नाही, म्हणून उपाशी झोपले.

आणि हे काही लहानपणीच घडले असे नाही. १९२९ साली बाबासाहेब बॅरिस्टर होते, अस्पृश्यांची गाऱ्हाणी तपासणाऱ्या सरकारी कमिटीचे सभासद होते. चाळीसगाव स्टेशनावर उतरले. घ्यायला आलेल्या आपल्या लोकांना तासभर टांगाच मिळेना. कारण टांगेवाल्याला अस्पृश्याला घेऊन टांगा हाकणे कमीपणाचे वाटे. शेवटी टांगा मिळाला, पण हाकायला आपल्यातलाच एक माणूस बसला, ज्याला हाकायची सवय नव्हती. मोरीवर टांगा उलटला, बाबासाहेब दगडी फरशीवर फेकले गेले आणि त्यांचे हाड मोडले.

मसूर आणि चाळीसगाव, मध्ये २८ वर्षे. दोन्ही वेळा तिकीट रीतसर होते, गाडीने जागेवर आणून सोडले होते. कायद्याची हद्द स्टेशनच्या फाटकापर्यंत होती, आणि मसुरात तर तेवढीही नाही, कारण तिथे तोंड फिरवणारा कंपनीचाच स्टेशन मास्तर होता. रेल्वेच्या नोकराने प्रवाशाशी सभ्यपणे वागावे असे छापलेले नियम होते म्हणतात. पण जातीवरून तोंड फिरवले तर दंड किती, ते कलम मी या पुस्तकात दोनदा शोधले. नाही.

तिसरा वर्ग १९७४ साली बंद झाला. म्हणजे नाव गेले, डबे तेच, पाटी दुसऱ्या वर्गाची.

हे कायद्याचे पुस्तक मी नवा पुठ्ठा घालून विहाराच्या वाचनालयात दिले आहे. रविवारी वंदनेनंतर कपाट उघडे असते. पाने फार नाजूक झाली आहेत, उलटताना थुंकी लावू नये.