थोरल्या भावासाठीं अर्ज

आपलें मूल परक्याच्या हवालीं करणें कोणत्याहि आईस सोपें नाहीं. मामाकडे ठेवणें, वार लावून शिकविणें अशा रीती आपल्याकडे होत्या. पण त्यांत नात्याचा, गांवाचा किंवा जातीचा, कोणता तरी ओळखीचा धागा असे. मुळींच ओळख नसलेल्या गृहस्थानें आपल्या मुलाचा थोरला भाऊ व्हावें, म्हणून रीतसर अर्ज करण्याची चाल अमेरिकेंत पडली. तिचा इतिहास उद्बोधक आहे. मात्र तो जितका गोड करून सांगतात तितका गोड नाहीं.

मुलांसाठीं निराळें न्यायालय असावें, ही कल्पना १८९९ सालीं शिकागो येथें अंमलांत आली व तीन वर्षांनीं न्यूयॉर्क शहरानें ती उचलली. तेथील बालन्यायालयांत अर्नेस्ट कूल्टर हे शिरस्तेदार होते. आरोपी म्हणून उभीं राहणारीं मुलें ते रोज पाहात. न्यायाधीशास शिक्षा देतां येई, क्षमाहि करतां येई. परंतु सुटलेल्या मुलाची संध्याकाळीं विचारपूस करणारें माणूस त्यानें कोठून द्यावें? १९०४ च्या डिसेंबरांत एका चर्चच्या पुरुष-मंडळापुढें कूल्टर यांनीं या मुलांची कर्मकथा सांगितली, आणि सुमारें चाळीस गृहस्थांनीं प्रत्येकीं एका मुलाशीं स्नेह जोडण्याचें पत्करलें. ‘बिग ब्रदर्स’ या चळवळीचा उगम तो हाच. कॅथलिक स्त्रियांचें एक मंडळ याच न्यायालयांतील मुलींसाठीं त्यापूर्वींच असें काम करूं लागलें होतें. भावांच्या व बहिणींच्या देशव्यापी संस्था पुढें १९७७ मध्यें एक झाल्या. भाषण करणाऱ्याचें नांव राहिलें व मुकाट्यानें राबणाऱ्या बायकांचें मागें पडलें, हें इतिहासाच्या नेहमींच्या रीतीस धरूनच झालें!

आरंभीं या भावांकडे मुलें आलीं तीं न्यायालयाच्या दारांतून. कालांतरानें मात्र आई स्वतःच संस्थेच्या दारीं येऊं लागली. ती बहुधा एकटीनें संसार ओढणारी. मुलानें कांहीं गुन्हा केलेला नाहीं, पण त्याच्याजवळ बसायला घरांत वडील माणूस नाहीं. ती अर्ज भरते, मुलाचा स्वभाव व आवडीनिवडी सांगते. संस्था इच्छुकाची चौकशी करते, त्याच्यावर पूर्वीं कांहीं गुन्हा शाबीत झाला आहे कीं काय हें पाहते, आणि निदान वर्षभर महिन्यांतून दोनचार वेळां भेटण्याचें वचन त्याजकडून घेते. मुलगे पुष्कळ व पुरुष थोडे, यामुळें मुलांस वाट पाहात बसावें लागतें.

हें वाट पाहणें एकदां विद्वानांच्या उपयोगीं पडलें. १९९२-९३ मध्यें या संस्थेच्या आठ शाखांतील दहा ते सोळा वर्षांच्या ९५९ मुलामुलींचे चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणें दोन गट करण्यांत आले. एका गटास लगेच सोबती द्यावयाचा, दुसऱ्यानें दीड वर्ष थांबावयाचें. १९९५ सालीं निष्कर्ष प्रसिद्ध झाला. सोबती मिळालेल्या गटांत मादक द्रव्यांस नव्यानें शिवण्याचें प्रमाण शेंकडा ४६ नीं, व शाळा बुडविण्याचें शेंकडा ५२ नीं कमी आढळलें.

हे आंकडे पाहून हुरळून जाण्यापूर्वीं आणखी एका प्रयोगाकडे पाहिलें पाहिजे. बोस्टनचे डॉक्टर रिचर्ड कॅबट यांच्या प्रेरणेनें केंब्रिज व सॉमरव्हिल या शेजारच्या गांवांत १९३९ पासून १९४५ पर्यंत ५०६ मुलगे पाहण्यांत आले. त्यांतील निम्म्यांस मार्गदर्शक दिले होते. हे मार्गदर्शक पगारी होते, स्वयंसेवक नव्हेत, हा भेद खरा; तथापि हेतु तोच. सुमारें तीस वर्षांनीं जोन मॅकॉर्ड या विदुषीनें त्या सर्वांचा शोध घेतला. पुष्कळांनीं आपल्या मार्गदर्शकांचे उपकार आठवले. परंतु कागदपत्रें निराळेंच बोलत होतीं: मार्गदर्शक मिळालेले लोक इतरांहून सुधारलेले नव्हते, आणि कित्येक बाबतींत त्यांची स्थिति अधिकच वाईट होती. सद्भावनेस इतका कठोर जबाब क्वचितच मिळाला असेल.

असें कां झालें यावर मतभेद आहेत. मला अधिक बोलका वाटतो तो २००२ मधील निष्कर्ष. ९५९ मुलांच्या त्याच नोंदी ग्रॉसमन व रोड्स या दोन संशोधक स्त्रियांनीं पुन्हां तपासल्या, तेव्हां दिसलें कीं, वर्षाहून अधिक टिकलेल्या सोबतींत लाभ पुष्कळ. पण तीन महिन्यांच्या आंत मोडलेल्या सोबतींत मुलाचा स्वतःविषयींचा आदर पूर्वींपेक्षांहि खालावलेला. अर्ज करणाऱ्या आईनें सोबत्याची विद्या व मिळकत विचारूं नये, हा माणूस पुढल्या दिवाळीसहि येईल काय, एवढें विचारावें.

विद्यार्थिदशेंत मी एका विधवेच्या मुलास शनिवारीं शिकवायला जात असें. बी. ए. ची परीक्षा जवळ आली, आणि मी जाणें सोडलें. परीक्षा संपल्यावरहि गेलों नाहीं. सहा महिन्यांनीं ती बाई मंडईंत भेटली. मुलगा तिच्याबरोबर होता; तो भाजीच्या पिशवीकडे पाहात उभा राहिला. “मास्तर, परीक्षा झाली का?” एवढेंच तिनें विचारलें.